आईच्या पोटाशी लावलेली पिल्लं

आबा, मी दौंडकडं एका डुकरांच्या फार्मवर कामाला लागलोय. ऐकून तुम्ही तोंड फिरवलं असतं, ठाऊक हाय. तुम्ही गेलात तवा मी नववीत होतो, शाळा तिथंच सुटली. मग यवतचा ढाबा, वरवंडला टायरचं दुकान, कुठंच बूड टेकलं न्हाई. ढाब्यावर एक तंदूरवाला होता, रोटी थापता थापता असा काय गायचा… जाऊ द्या ते.

इथं डुकरीण एका वेताला दहा-बारा पिल्लं देती. वीतभर जीव, अंगावर केस नसल्यागत, लगेच गारठतात. पहिल्याच आठवड्यात एकाच्या तोंडात बोट घातलं तर तोंड गार. आन् मला इनामगावच्या नदीकाठी बसलेली आपली मेंढरं दिसली. सकाळची वेळ हाय, ओल्या कोकराच्या तोंडात तुम्ही बोट घालताय, धोतराच्या सोग्यानं त्याचं नाक पुसताय. मी त्याला शेकोटीकडं न्यायला निघतो तर तुम्ही खेकसता, "कुठं नेतोस रं? आईच्या पोटाशी लाव. तसली ऊब कुठल्या जाळाला असती व्हय?"

फार्मवरचा नियम उलटा. चीक पाजला की पिल्लं लगेच कोपऱ्यातल्या पेटीत, बल्बखाली ठेवायची. मी तीन अशक्त पिल्लं पेटीतनं काढली, आईच्या पोटाशी लावली आन् पाण्याची टाकी भरायला गेलो. टाकीवर खंड्या बसला होता, त्याच्याकडं बघत राहिलो. परत आलो तवा डुकरीण कूस बदलून निवांत पडलेली. तिच्याखालनं एक इवलासा पाय दिसत होता.

पिल्लं सांभाळणाऱ्या मावशी धावत आल्या. दोघांनी रेटून तिला उठवलं. तिन्ही गेलेली. मी तरी एकाच्या नाकात फुंकर मारत बसलो.

मी मेंढरांमागं वाढलेला, हे मावशींना ठाऊक. त्या ओरडल्या, "आरं, ही काय मेंढी हाय, मागं बघून बसायला? धूड हाय ते! पेटीतनं काढायला कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या आबांनी."

"मग उद्यापासनं आबालाच धाड कामाला."

दारात जमलेली कामावरची पोरं हसली. मीबी हसलो.

ही चिठ्ठी कुठं धाडायची न्हाई, म्हणून लिहितोय. तुम्ही मेंढीचं सांगितलं होतं, डुकरिणीला तुम्ही उभ्या जन्मात हात लावला न्हाई. आन् कोकरू पोटाशी लावून तुम्ही कवा उठून गेला न्हाईत, ते धड उभं राहून दूध पिईपर्यंत तिथंच उकिडवे बसायचात. हे मला मावशींशी बोलायच्या आधीच आठवलं होतं, आबा. तरी नाव तुमचंच घेतलं.