गिळलेल्या जांभया

प्रिय बडबडे,

आठ दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद हाती घेतलाय. तुझं नाटक रंगात आलेलं आणि पहिल्या रांगेतून तुझी सख्खी आई उठून चालती झाली, तेही समीक्षकांच्या देखत, याचा तुला राग आलाय. येऊ दे. मलाही आलाय, आणि माझा जुना आहे. आधी माझा ऐकून घे.

तुझ्या नाटकाचं नाव 'कंटाळा', आणि विषय कोण, तर मी! एक बाई काचेच्या कारखान्यात खुर्चीत बसून समोरून सरकणाऱ्या बाटल्या बघते. वीस मिनिटं नुसतं तेच. माझ्या मागे एक गृहस्थ वा वा करत होते. अगं, तिकीट काढून कंटाळा विकत घ्यायचा आणि वर टाळ्या पिटायच्या? आम्ही बावीस वर्षं कंटाळलो, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही.

आणि ती तुझी नटी! दर दोन मिनिटांनी तोंड वासून जांभई. उठून तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटली जाते, तेवढ्यात तिच्यातली चीर हेरायची, हे आमचं काम. जांभई दिली की डोळ्यांत पाणी येतं, पाणी आलं की चीर दिसत नाही, आणि ती बाटली औषध भरून कुणाच्या तरी घरी जाते. म्हणून तपासणीच्या खोलीत जांभई द्यायची नाही, हा नियम आम्ही बायकांनीच घातला होता. जी देईल तिनं सगळ्यांना चहा पाजायचा. दर अर्ध्या तासानं जागा बदलायची, तेव्हा उठणारीनं बसणारीला गोष्टीचं एक वाक्य सांगायचं, तिनं बाटल्या बघता बघता पुढचं जुळवायचं. एका खडूस सासूची गोष्ट अकरा वर्षं चालली. मेलीला आम्ही तीनदा मारलं, तीनदा उठवलं. तू विचारलंस कधी यातलं काही? न विचारताच मला रिकाम्या डोळ्यांची बाहुली करून मोकळी झालीस. मोठी आलीय नाटककार!

इथवर काल लिहिलं आणि वाटलं, बरी जिरवली. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात अडला. कारण मी उठले तेव्हा ती नटी बाटल्यांसमोर नव्हतीच. ती घरी आली होती, ओट्याशी भाजी चिरत होती. स्टुलावर बसलेली मुलगी तिला सांगत होती की शाळेच्या नाटकात तिला झाड केलंय, आणि झाडाला एक वाक्य मिळालंय. ते वाक्य ती म्हणून दाखवणार, एवढ्यात आईनं जांभई दिली. पोरगी स्टुलावरून उतरली आणि दप्तर उचलून आत गेली. तिथे मला बसवेना गं. तुला वाटलं मी कंटाळून उठले.

ते झाड तू होतीस ना? मला अंधूक आठवतंय, हिरव्या कागदाचे तुकडे घरभर झाले म्हणून मी ओरडले होते. आमचा नियम कारखान्यापुरता होता. दिवसभर गिळलेल्या सगळ्या जांभया मी घरी आणून तुझ्या तोंडावर दिल्या. अजून तुला बडबडी म्हणते, पण तू माझ्याशी बडबड करायची कधी थांबलीस, ते मला ठाऊक नाही.

नटी जांभया फार देते, हे माझं म्हणणं कायम आहे. खुर्चीतल्या सगळ्या काढून टाक. ओट्याजवळची तेवढी राहू दे, ती खरी आहे. आणि रविवारी घरी ये. स्टूल अजून तिथेच आहे. मला सांग, त्या झाडाचं वाक्य काय होतं?

तुझीच, या खेपेला कान देऊन बसलेली,
आई