सहा वितींचा बांबू

गोंदिया
रविवार, ५ जानेवारी २०२५

ती. बाबूजींस,
दुर्गेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. म्हणजे डिंपलच्या अक्षरातलं तुमचं पत्र. नोव्हेंबरपासून तुम्ही सांगता आणि ती लिहिते. एवढे दिवस दुरुस्तीत राहायला तो चष्मा आहे की मळणीचं मशीन? अकरावीत मी इथे वसतिगृहात आले तेव्हा फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागदावरचं राहतं, असं म्हणून रविवारच्या पत्राचा नियम तुम्हीच घातला होता. धाकट्या बहिणीचं अक्षर सुंदर आहे, पण तुमच्या आडव्या रेघा दिसल्या नाहीत की रविवार झाल्यासारखा वाटत नाही.

आता माझं दुःख ऐका. खोली चांगली आहे, शाळा जवळ आहे, घरमालकीण रामकलीबाई जीव लावतात. फक्त भिंतीला हात लावू देत नाहीत. आधीच्या भाडेकरूने पडद्यासाठी ड्रिल चालवलं ते थेट भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात गेलं आणि गादीसकट सगळा संसार भिजला. तेव्हापासून त्यांचा कायदा आहे की कील, म्हणजे खिळा, तर नाहीच, टाचणीसुद्धा नाही. इकडे माझी खिडकी रस्त्यावर, समोर चहाची टपरी. सकाळी साडेपाचपासून गिऱ्हाइकं चहा पितात आणि मी काय करते ते बघतात. खिडकीचे पल्ले आत उघडतात, म्हणून गजांना दोरीही बांधता येत नाही.

चिकटणारे हुक आणून झाले. दुसऱ्या दिवशी पडदा, हुक आणि वर हातभर रंगाचा पापुद्रा, सगळं खाली. स्प्रिंगचा दांडा मिळतो, पण चार फुटांचाच, तो पुरला नाही. मग आठवलं, गोठ्याच्या दारात तुम्ही खिळ्याशिवाय बांबू आडवा ठोकून बसवला होता. तसा एक मला पाठवाल का? खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींमधलं अंतर माझ्या बरोबर सात विती आहे. म्हणजे तुमच्या सहा. आपलं जुनंच गणित.

संक्रांतीला येणं होणार नाही. एप्रिलात शाळा मला कायम करायचं की नाही ते ठरवेल, तोवर रजा मागायला जीभ रेटत नाही. मायला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये, एवढं मागते.

तुमची,
दुर्गेश्वरी

---

दवनीवाडा
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. दुर्गेश्वरीस,
योगराज पटले यांचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र ऐकून मी हसलो आणि डिंपलला ते तुझ्या मायसाठी दोनदा वाचायला लावलं. पोरांना सेंटिमीटर शिकवणारी मास्तरीण स्वतःची खिडकी वितीने मोजते, हे तुझ्या हेडमास्तरांना कळलं तर एप्रिलची वाट न पाहता घरी पाठवतील. पण बरोबर केलंस. आपल्या घरच्या टेपचा पहिला इंच तुटल्यापासून माझा त्याच्यावर भरवसा नाही. हात कुठे तुटत नाही.

बांबू आपल्या गावच्या चुन्नीलालच्या ऑटोच्या टपावर बांधून पाठवतो आहे. परसातल्या बेटातला आहे, भरीव आणि सरळ. सहा विती मोजून कापला आहे, वर बोटभर जास्त. दोन्ही टोकांना सायकलची ट्यूब गुंडाळली आहे, म्हणजे घसरणार नाही आणि रामकलीबाईंच्या रंगाला ओरखडा येणार नाही. एक टोक आधी टेकव, दुसरं तिरपं धरून वर सरकव आणि मुठीने ठोक. हातोडी लावशील तर भिंत बोलेल. बोटभर लांबी जास्त असते म्हणूनच तो अडून बसतो, हे ध्यानात ठेव.

सोबत माय पडदा पाठवते आहे. तिच्या हिरव्या लुगड्याचा आहे, तुला आवडायचं तेच. धान विकून झालं. मी मजेत आहे. चष्म्याचं विचारू नकोस, दुकानदार आळशी आहे. तू नोकरीवर लक्ष दे आणि इकडची चिंता इकडेच राहू दे.

आशीर्वाद मागितला नाहीस तरी तो आहेच.

तुझे बाबूजी

ताई, खाली जागा उरली म्हणून मी डिंपल लिहिते. मी शेजारून चांगला टेप आणते म्हटलं तर बाबूजी चिडले. वीत त्यांनीच मोजली, मला फक्त करवत धरू दिली. लहान-मोठा झाला तर मला बोलू नको.

---

गोंदिया
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. डिंपलला,
ताईचे अ. आ.

हे पत्र बाबूजींसमोर उघडू नकोस. चुन्नीलालच्या हातून मुद्दाम तुझ्या नावाने पाठवते आहे.

बांबू आला. चुन्नीलालने टपावरून उतरवला तेव्हा मीच पळत जाऊन घेतला. खिडकीत धरला तर एक टोक टेकलं आणि दुसरं हवेत. थोडंथोडकं नाही, माझी दीड वीत कमी. रामकलीबाई पदर तोंडाला लावून हसल्या, म्हणाल्या, बेटा, हा बांबू पडद्याला नाही, माकडं हाकलायला बरा आहे. मीही हसले. त्या खाली गेल्यावर मात्र हसू राहिलं नाही.

मी पर्समधली मोजपट्टी काढली. खिडकी साडेचार फूट आहे, बाबूजींच्या सहा विती बरोबर तेवढ्याच व्हायला हव्यात. बांबू भरला साडेतीन फूट. सहाने भागलं तर एक वीत सात इंच येते. डिंपल, बाबूजींची वीत नऊ इंच आहे. मी लहानपणापासून त्या हाताशेजारी माझा हात ठेवून बघत आले आहे. शेतातली बांधी मोजताना, खाट विणताना, माझ्या फ्रॉकचं कापड घेताना त्यांची वीत कधी चुकली नाही. मोजणी चुकलेली नाही. हातच उघडत नाही.

आणि त्याच हाताने ते दोन महिन्यांपासून पत्र लिहीत नाहीत.

चष्म्याची गोष्ट मला पुन्हा सांगू नकोस. बाबूजींच्या हाताला काय झालं ते लिही. तुला शपथ घातली असेल तर ती मी मोडली असं समज. तुझ्यावर रागावलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी,
ताई

---

दवनीवाडा
बुधवार, २२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
डिंपलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मी गोठ्यात जाऊन रडले, मग मायला सांगितलं. मायने लिही म्हटलं, म्हणून लिहिते.

दिवाळीनंतर तू गोंदियाला गेलीस त्याच्या आठव्या दिवशी बाबूजी धानाच्या पुंजण्यावरून, त्या उंच ढिगावरून, घसरले आणि उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकलं नाही, हाड बसवणाऱ्याकडून बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या. दीड महिना हात गळ्यात होता. कामट्या निघाल्या तेव्हा हाड जुळलं होतं, पण बोटं आखडलेली. आता मूठ अर्धीच वळते आणि पंजा अर्धाच उघडतो. ताट डाव्या हाताने ओढतात. विडा लावायला जमत नाही म्हणून पानच सोडलं आणि सगळ्यांना सांगतात, दातांसाठी सोडलं.

तुला सांगते म्हटलं त्या दिवशी बाबूजी माझ्याशी पहिल्यांदा एवढं कठोर बोलले. म्हणाले, "तिले सांगू नोको. मायच्या ऑपरेशनच्या वक्ती तिनं नागपूरची नोकरी सोडली, दोन वर्सं घरी बसली. आता माह्या हातापायी पुन्हा सोडून येईल. माहा हात गेला तं जाऊ दे, तिची नोकरी नाही गेली पाहिजे." म्हणून मी चष्म्याचंच लिहीत राहिले.

बांबूच्या दिवशी ते खूष होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडे कोणी काम मागितलं होतं. मला दूर सारलं आणि स्वतः मोजलं. हात आखडला हे त्यांना रोज ठाऊक आहे, पण मोजताना विसरले. सहा म्हणजे सहा, असं म्हणत राहिले. आखूड झाल्याचं मी अजून सांगितलेलं नाही. तूच सांग, पण हळू सांग.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, मला त्याची फार गरज आहे.

तुझी,
डिंपल

---

गोंदिया
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

ती. बाबूजींस,
दुर्गेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलं आहे. डिंपलला रागवाल तर मी उपाशी राहीन, आणि मी उपाशी राहिले की कशी वागते हे तुम्हाला माहीत आहे.

बांबू दीड वीत कमी पडला. हळू सांग असं मला बजावलं होतं, पण तुम्हीच शिकवलं की करवत हळू चालवली तर लाकूड फाटतं. म्हणून एका दमात सांगते. तुमच्या हाताचा मला राग नाही, लपवलंत त्याचा आहे. दोन महिने मी इथे तुमच्या चष्म्यावर विनोद करत होते आणि तुम्ही तिथे डाव्या हाताने ताट ओढत होतात. हे आठवलं की वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

आता माझं ऐका. मी नोकरी सोडणार नाही. एक दिवसाची रजासुद्धा घेणार नाही. मी तिकडे येणार नाही, तुम्ही इकडे यायचं आहे. माझ्या शाळेच्या रस्त्यावर हाताचा व्यायाम करून घेणारे एक डॉक्टर आहेत, त्यांना विचारून आले. ते म्हणाले, आत्ता आणलं तर बराचसा उघडेल, उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर मग देवाला सांगा. रामकलीबाईंनी खालची खोली मोकळी केली आहे. त्या म्हणतात, भैयाला, म्हणजे तुम्हाला, पाठव, भिंतीला हात लावायचा नाही एवढीच अट.

रविवारी सकाळी चुन्नीलालचा ऑटो दाराशी उभा राहील. काऊन, कायले, काही विचारायचं नाही. बसायचं.

रागावलेली, पण तुमचीच,
दुर्गेश्वरी

---

दवनीवाडा
रविवार, १६ मार्च २०२५

चि. दुर्गेश्वरीस अ. आ. वि. वि.

हे अक्षर माझं आहे. वाकडं आहे, हसू नकोस. चार ओळी झाल्या की हात थांबवून पुन्हा धरतो. सकाळी सुरू केलं, आता जेवणं झाली.

घरी येऊन आठ दिवस झाले. तुझ्या मायचं पहिलं काम म्हणजे माझा पंजा उलटासुलटा करून पाहणं. तुझ्याकडे सहा आठवडे राहिलो त्याचा हिशोब तिला सांगितला. डॉक्टर रोज सकाळी बोटं ताणायचे तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं, हेही आज सांगून टाकलं, तुझ्यापासून तेवढं लपवलं होतं. रामकलीबाईंनी रोज संध्याकाळी मला कणीक मळायला बसवलं आणि वर म्हणायच्या, पटलेजी, रोटी कडक झाली तर दोष तुमचा. तो आखूड बांबू त्यांना माकडं हाकलायला ठेवायचा होता, पण तोच मुठीत धरून फिरवायला कामी आला. तो मी सोबत घेऊन आलो आहे, शोधू नकोस.

तू शाळेत गेलीस की मी रोज तुझी खिडकी मोजायचो. हे तुला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी ती पावणेआठ विती भरली. महिन्याने सव्वासात. निघालो त्या सकाळी बरोबर सात. डॉक्टर म्हणतात, याच्यापुढे फार आशा धरू नका. मी म्हटलं, साहेब, पुरे आहे. माझ्या पोरीचा हात तेवढाच आहे.

नवा बांबू पाठवतो आहे. सात विती, वर बोटभर. मोजलाही मी, कापलाही मी. डिंपलला करवत धरू दिली नाही. कागद संपत आला आणि हातही. जिथे आहेस तिथे सुखी राहा.

तुझे बाबूजी

---

गोंदिया
रविवार, २३ मार्च २०२५

ती. बाबूजींस,
दुर्गेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. अक्षर वाकडं आहे आणि मी हसले नाही. डिंपलला सांगा, तिची लेखनिकाची नोकरी गेली.

उन्हं आता खूप वाढली आहेत, सकाळी नऊलाच खोली तापते. बांबू आला तसा मी दार लावून घेतलं. मोजपट्टी पर्समध्येच राहू दिली. एक टोक टेकवलं, दुसरं तिरपं धरून सरकवलं आणि मुठीने ठोकलं. मग मायचं हिरवं लुगडं ओवलं. टपरी दिसेनाशी झाली आणि खोलीत धानाच्या रोपांसारखा उजेड पडला. रामकलीबाई वर आल्या, आधी भिंत तपासली, मग बांबूला लोंबकळून पाहिलं. त्या काही हलक्या नाहीत, तरी तो हलला नाही.

त्या गेल्यावर मी स्टुलावर चढले आणि त्या बांबूवर हात पसरून मोजत गेले. सात विती, वर बोटभर.

एप्रिलचं काय व्हायचं ते होईल, घट्ट बसायचं ते बसलं आहे. पुढच्या रविवारी हात न थांबवता चारच्या पाच ओळी लिहाव्या, एवढा हट्ट पुरवावा.

तुमच्याच मापाची,
दुर्गेश्वरी