एक तास दहा मिनिटे

शिरड शहापूर,
१ फेब्रुवारी २०२५

चि. हरिचंदास, अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला आहे. सुतक फिटले, तरी पत्राच्या माथ्यावर श्री घालण्यास हात धजला नाही. तेरा दिवस एका छताखाली राहून मी तुझ्याशी बोललो नाही. जे बोलावयाचे ते लिहून धाडतो, म्हणजे तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

अखेरचे गंगाजल धाकट्याच्याच हातून घेण्याचा आईचा नेम तुला ठाऊक होता. त्या शुक्रवारी सकाळी मी फोन केला, तेव्हा तू जगदलपूर ते नांदेड सुमारे पाचशे किलोमीटर, विमानाला एक तास दहा मिनिटे, असे सांगितलेस. त्या भरवशावर ती ओठ मिटून राहिली. तुळशीपत्रावर पाणी घेऊन मी तीनदा ओठांशी नेले. तीनदा तिने मान फिरवली. दुपारी चारला कोरड्या तोंडाने गेली. तू उगवलास दुसऱ्या दिवशी, राख निवाल्यावर. मातेला तहानेली धाडणाऱ्या पुत्रास शास्त्र काय म्हणते, ते लिहून लेखणी विटाळीत नाही. वर्षश्राद्धाला येऊ नये. तिलांजली मी एकटा देईन.

नात्याने थोरला,
अमृतराव

जगदलपूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. वहिनींना नमस्कार, तेरा दिवस त्यांनी ताट वाढले, तुम्ही नुसती पाठ दाखवलीत.

तुम्ही अंतर विचारलेत, मोबाइलवर आले ते मी वाचून दाखवले. त्याच दमात सांगितले, की दोन्हीकडे विमानतळ असला तरी या दोहोंमध्ये विमान उडत न्हाई. तो आकडा नकाशावर रेघ मारून काढलेला. आज इथून दुसरंही विमान न्हाई, म्हणून रायपूरपर्यंत मोटार, पुढं हैदराबाद, मग नांदेड. उद्याची दुपार होईल, तवर आईला पाणी पाजा, माझ्या नावानं पाजा. तुम्ही व्हय म्हणालात. बराबर ऐकून राहिले होते तुमी. हैदराबादला किती वेळ थांबावं लागंल, हेही विचारलंत.

मला शास्त्र येत न्हाई. पण हे आईला काहून सांगितलं न्हाई, तेवढं लिहा. श्राद्धाला मी येणार, उंबऱ्याबाहेर बसवलंत तरी.

लोभ उरला असेल तेवढा राखावा.

आपला,
हरी

शिरड शहापूर,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. हरिचंदास, अ. उ. आ.

तुझी भाषा उद्धट आहे. प्रश्नाचे उत्तर देतो.

फोन ठेवला तोच आईने विचारले, की हरी किती लांब आहे. तिच्या तोंडाकडे पाहून मला उद्याची दुपार सांगवेना. असत्य मी जन्मात उच्चारले नाही. म्हणून एक तास दहा मिनिटे, असे म्हणालो. आकडा खरा होता. विमान नाही, एवढे गिळले. ती हसली आणि तिने ओठ मिटले. पाणी घेऊन बसलो तेव्हा तरी सगळे सांगता आले असते. तिच्यापुढे खोटा ठरेन, म्हणून सांगितले नाही. चाळीस वर्षे देवळात पोथी सांगणाऱ्याने हे केले.

यावरून आपला समेट झाला, असे मानू नकोस. हे जाणणारा मनुष्य समोर दिसणे मला सोसवणार नाही, आणि आता तो तू आहेस. तरी वर्षश्राद्धाला ये. तिलांजली तू दे. माझ्या हाताला तो अधिकार उरला नाही. मी त्या दिवशी नदीवर येणार नाही. परत जाताना मला हाक मारू नकोस.

उत्तराची अपेक्षा नाही.

अमृतराव