बेताचा जॉब

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं सध्या कुरकुरतात, तेव्हा उरलेल्या दोन अंगांचा नमस्कार गोड मानून घे.) तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनीच्या गुडघ्याला त्या नव्या पट्ट्याने उतार पडला का? आणि मुख्य म्हणजे तुझं आत्मचरित्र कुठवर आलं? दुपारी तीन ते पाच दार लावून लिहायला बसतो, त्या वेळात कुणी फोन करू नये, असं तू मागच्या पत्रात बजावलं होतंस, म्हणून मी चार महिने घड्याळ बघून फोन करते आहे. वहिनी म्हणाली, आतून नुसती टाइप केल्याची खडखड येते आणि मधूनच 'मेलो, मेलो' असं ओरडणं ऐकू येतं. आत्मचरित्रात इतक्या लवकर तिथवर पोचलास? अजून नोकरी लागायची आहे ना रे त्यात?

माझं म्हणशील तर मी मजेत आहे. मजेत हा शब्द कमी पडावा इतकी मजेत आहे, पण ते ओळीने सांगते, नाहीतर तू म्हणशील हिला धड एक गोष्ट सरळ सांगता येत नाही. माळ्यावरची पेटी काढताना मी स्टुलावरून पडले आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं, हे तुला माहीत आहे. (स्टूल यांनी धरलं होतं. कुणीतरी घड्याळ दुरुस्तीला घेऊन आलं म्हणून सोडलं. निवृत्त झाले तरी दारात घड्याळ दिसलं की बायको दिसत नाही.) प्लास्टर निघाल्यावर व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, बोटं हलवत राहा. चौतीस वर्षं ऑफिसात टायपिस्ट म्हणून बोटंच हलवली, आता आणखी किती हलवू? मी तोंड वाकडं केलं तेव्हा आमची सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही माझ्याबरोबर कॉम्प्युटरवर खेळायला या. त्या खेळात निरनिराळ्या गावांची माणसं आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात. आठ जणांची टोळी करायची, गुहेत शिरायचं, आणि आतलं डोंगराएवढं दगडी कासव मारायचं. कासवाने आपलं काय घोडं मारलंय, हे मी विचारलं. उत्तरादाखल सूनबाईने मला कीबोर्डापुढे बसवलं.

आता पहिली फजिती ऐक. त्या खेळात ज्याच्या त्याच्या कामाला जॉब म्हणतात. कुणी ढालवाला, कुणी तिरंदाज, कुणी वैद्य. मी त्यातली घंटेकरी झाले, आणि आनंदाच्या भरात स्वयंपाकघरात येऊन यांना सांगितलं, अहो, मला जॉब मिळाला, घंटा वाजवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ओट्यावर माझा डबा भरून तयार, छत्री दाराला टेकवलेली, आणि हे डोळ्यांत पाणी आणून म्हणताहेत, या वयात शाळेत शिपायाची नोकरी करायची पाळी मी तुझ्यावर आणली. शेजारणीलाही त्यांनी सांगून टाकलं होतं. ती बिचारी आठवडाभर मला जिन्यात बघितलं की हातातली पिशवी काढून घ्यायची. (मी घेऊ दिली. पिशवी जड होती.)

पण दादा, हा जॉब काही साधा नव्हे हं. कीबोर्डाच्या चोवीस कळांवर चोवीस घंटा. एका घंटेने सोबत्यांच्या तलवारीला धार येते, दुसरीने जखम भरते, तिसरीने कासवाची मान आत जाते. सगळ्या ठरल्या क्रमाने, ठरल्या तालात वाजवायच्या. एक चुकली की पहिलीपासून परत. टोळीतल्या सगळ्यांनी हा जॉब एकेकदा करून सोडून दिला होता. सूनबाईला तर त्याने हिवताप यायचा. म्हणून तर तो रिकामा होता आणि माझ्या पदरात पडला. खेळात टोपणनाव घ्यावं लागतं. मी घेतलं 'कळलावी'. कळा दाबणारी म्हणून म्हण, नाहीतर आणखी कशासाठी म्हण, मला ते जुनं नाव आवडतं.

आमच्या टोळीचा म्होरक्या म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. नाव घेतलंय 'वज्रमूठ'. बाकीचे खेळताना बोलतात, हा फक्त टाइप करतो. घसा बसलाय म्हणे. (चार महिने? गायकाचाही बसत नाही इतका.) मीही टाइपच करते, कारण माझे हात बोलत्या तोंडापेक्षा भराभर चालतात. मी गुहेत पाय ठेवल्या दिवशीच त्याने पडद्यावर हुकूम काढला: 'बेताच्या खेळाडूने बेताचा जॉब घ्यावा .' पूर्णविराम असा शब्दापासून फटकून. मी आहे तसा उतरवते आहे, टायपिस्टचा धर्म आहे. आणि हा स्वतः कोण, तर ढालवाला. ढालवाल्याला सगळ्या मिळून तीन कळा. त्यातलीही एक त्याला वेळेवर सापडत नाही, मग मरतो, आणि मेल्यावर जमिनीवर पडल्या पडल्या आम्हाला सूचना लिहितो. अडाणी म्हणू की अतिशहाणा, मला ठरवता आलेलं नाही. तुला काय वाटतं?

खेळ काढणाऱ्या कंपनीचाही हाच सूर. सरासरी खेळाडूला झेपत नाही, म्हणून दर दोन महिन्यांनी एकेक जॉब सोपा करतात. वैद्याकडे म्हणे पूर्वी पंधरा औषधं होती, रोग ओळखून द्यावी लागत. आता दोनच: एक सगळ्यावर, आणि दुसरं पहिल्याने गुण आला नाही तर. तिरंदाजाला वारा बघावा लागे, आता बाणच वळून जातो. मला आपल्या टायपिंग क्लासचे सर आठवले. निम्म्या वर्गाची करंगळी टोकाच्या कळेपर्यंत पोचत नव्हती, पण सरांनी मशीनची कळ काढून टाकली नाही. करंगळी पोचवली. सरासरी म्हणजे काय रे, चांगल्यांची आणि वाइटांची मोट. आमच्या ऑफिसात आठ टायपिस्ट होत्या, सरासरी ठीकच होती, पण अठरा रकान्यांचा तक्ता आला की साहेब सरासरीला हाक मारत नव्हते, मला मारत होते.

हा 'बेताचा' शब्द मला झोंबला, ते का, तुला आठवत असेल. क्लासच्या परीक्षेत मी पहिली आले, सर घरी येऊन म्हणाले की हिला लघुलेखन शिकायला पाठवा, पुढे जाईल. आणि आपल्या घरात कुणीतरी वडिलांना सांगितलं की हिची बुद्धी बेताची, टायपिंग पुरे. वडिलांनी ऐकलं. मला तेव्हा फार राग आला होता, दादा, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं, कारण ज्याने सांगितलं त्याचंच मत मला सगळ्यांत मोठं वाटायचं. असो.

तर दुसरी फजिती, आणि ही माझीच. साडेतीन महिने लहानसहान गुहांत हात बसवला, आणि कासवाशी पहिल्या लढाईत मी तेवीस घंटा बिनचूक वाजवल्या. टोळी चकित. आता शेवटची, एवढ्यात माझा डावा हात आपला आपण वर उठला आणि सपकन बाजूला गेला. ओळ संपत आली की मशीनचा गाडा परत ढकलायचा, ही चौतीस वर्षांची सवय! कॉम्प्युटरला गाडा कुठला? हात लागला तो यांच्या चहाच्या कपाला. कप यांच्या मांडीवर, हे टेबलावर, टेबलावरचं उघडलेलं घड्याळ जमिनीवर, आणि तिकडे गुहेत सातही जण आडवे. वज्रमूठ पडल्या पडल्या लिहिता झाला: 'रविवारी शेवटची संधी . नाहीतर कळलावीला तीन कळांचा जॉब .'

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. खेळातला का होईना, तो जॉब मला जाऊ द्यायचा नव्हता. एकदा बेताचं म्हणून गप्प बसले होते. पुन्हा बसायचं नव्हतं. मग मी सरांची युक्ती काढली: कीबोर्डावर रुमाल टाकला आणि न बघता सराव सुरू केला. यांनी (स्वतःहून, मांडी भाजलेली असताना) भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ काढून माझ्या तालाला लावून दिलं, आणि कप हलवला खिडकीत. आठ दिवस घरात टोक-टोक आणि खड-खड. सूनबाई म्हणाली, आई, बस करा. मी म्हटलं, बस करायला चौतीस वर्षं होती, तेव्हा केलं नाही.

रविवार, दुपारचे तीन. शिरलो आत. वज्रमूठ पहिल्याच फटक्यात गेला. (तिसरी कळ.) कासव अर्धं झालं आणि त्या लबाडाने धूळ उडवली. सगळा पडदा पांढराफटक! कुणाला कळेना तलवार कुठे, कासव कुठे, आपण कुठे. सूनबाई किंचाळली, मला काही दिसत नाहीये! आणि मला हसू फुटलं. मला दिसायचं काय होतं? माझ्या हातांवर रुमाल होता. लंबकाच्या ठोक्यासरशी मी एकेक घंटा वाजवत गेले. पंधरा, सोळा, सतरा. माझ्या घंटेच्या अंदाजाने सगळे वार करत होते. बावीस. तेवीस. हात उठायला लागला, आणि त्या क्षणी मला उमगलं, अगं वेडे, ओळ संपत आली की मशीनचीसुद्धा घंटाच वाजायची की! चौतीस वर्षं मी घंटेकरीच होते! म्हटलं, आधी घंटा, मग हात. चोविसावी वाजवली, आणि मग हात असा काही फेकला की ज्याचं नाव ते. खिडकीतला कप खाली बागेत गेला. धूळ बसली तेव्हा कासव उताणं होतं.

दादा, सात माणसं पडद्यावर नाचत होती! सूनबाईने मला खुर्चीसकट फिरवलं. यांनी शेजारणीला बोलावून सांगितलं, हिला जॉबमध्ये कायम केलं. मला लघुलेखनाची परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. आणि वज्रमुठीने काय लिहावं? 'बेताच्या मानाने बरं .'

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप, थंड पाण्याने आंघोळ करण्याचा हट्ट सोड, आणि माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने पदरात घे. फार काही चुकलेलं नाही.

तुझी धाकटी बहीण

ता. क. शेजारीणबाई अजूनही पिशवी उचलतात. मी अजून काही सांगितलेलं नाही.

ता. क. पुन्हा: हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवू नकोस. पूर्णविरामाच्या आधी जागा सोडणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो क्लासमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचा आणि त्यापायी सरांची पट्टी खायचा. तेव्हा आत्मचरित्राचं काय चाललंय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी वहिनीला सांगणार नाही. पण एक काम कर.

ता. क. शेवटचा: लहानपणी मला 'कळलावी' हे नाव कुणी ठेवलं होतं, दादा? चार महिने ते नाव तुझ्या डोळ्यांसमोर रोज दोन तास नाचत होतं, आणि तुला संशयसुद्धा आला नाही. मग बेताची बुद्धी कुणाची? असू दे. उद्या तीन वाजता टोळी जमेल, तेव्हा सगळ्यांसमोर एवढंच टाइप कर: 'ती बेताची नव्हती.' आणि पूर्णविराम शब्दाला चिकटवून दे.