वर केलेला हात

अल्मुटताई,

आपली शाळा बंद करायच्या ठरावावर आज विधानसभेत मी हात वर केला. पक्षाचा आदेश होता. 'मी आमदार असेपर्यंत हिला टाळं लागणार नाही,' असं निवडणुकीत त्याच शाळेच्या पायरीवरून मीच बोललो होतो. तिथे आधी मी मुख्याध्यापक होतो, आता तू आहेस.

संध्याकाळी गावच्या बिअरबारमध्ये आपल्या नेहमीच्या टेबलाशी गेलो. आल्याआल्या टेबलावर बोटांनी टकटक केली, की सगळे उलट टकटक करून जागा देतात. आज मी टकटक केली, पण कोणाचं बोट हललं नाही. सगळे आपापल्या पेल्यातल्या फेसाकडे बघत राहिले.

एरवी मला अरेतुरे करणारे शेजारचे दाजी म्हणाले, "बसा, मास्तर. आमच्या पोरींना वर्गात सांगायचात ना, उत्तर येत असेल तरच हात वर करा? मग आज तुम्हाला कुठलं उत्तर येत होतं?"

मी बसलो खरा, पण उजवा हात टेबलाखालीच ठेवला. बिअर डाव्या हातानं प्यायलो.

हे पत्र मात्र उजव्याच हातानं लिहावं लागतंय. म्हणून तुला पाठवत नाही.

तुझा,
एकार्ट