गुलाबची लेक

मु. सापगाव, ता. शहापूर
१२ मे २०२५

चिरंजीव शेखर,

ताईचा आशीर्वाद, आणि तुझ्या बायकोला, अक्षदालाही. इकडे आमी धड आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आंबा यंदा बरा लागलाय, पण उतरवायला माणूस येत नाय. त्याचं कारण पुढे सांगते. तुझा गुडघा कसा आहे? तेल लाव म्हटलं की लावत नायस, आणि मग वरातीत घोडीपुढे लंगडत चालतोस. लोक नवरदेवाला सोडून तुझ्याकडे बघतात.

तुला वाटेल, ताई फोन सोडून कागद कुठे घेऊन बसली. फोनवर मी तोंड उघडलं की तू "ताय, गाडी चालवतोय" म्हणून ठेवून देतोस. गाडी विकलीस कधीची, मेल्या. कागदाला असं मधेच तोडता येत नाय. शेवटपर्यंत वाच.

मार्चमध्ये सरकारी डॉक्टर गावोगाव फिरत होते. आपल्याकडच्या देशी घोड्यांत, काठेवाडी म्हण, भीमथडी म्हण, कुठला रोग कुठवर पोचलाय ते बघायला रक्त घेत होते. तुझ्या भावोजींनी मोठ्या ऐटीत गुलाबला पुढे केलं. अशी घोडी तालुक्यात नाय, घ्या रक्त, म्हणाले. त्या रक्तात विषाणू निघाला. दुसऱ्यांदा नेलं, तेच निघालं. घोड्यांचा रक्तक्षय म्हणतात. माणसाला होत नाय. पण घोड्याला एकदा झाला की मरेपर्यंत रक्तात राहतो. वरून जनावर ठणठणीत दिसतं, खातं, ताशावर नाचतं, आणि त्याला चावलेली गोमाशी दुसऱ्याला चावली की त्यालाही लागतो. औषध नाय, लस नाय.

तेव्हापासून आमची कोंडी झालीय. घोडं आत आणायचं नाय, बाहेर न्यायचं नाय. दुसऱ्या घोडीला, सगुणाला, वेगळं बांधलंय, गोमाशी चावू नये म्हणून जाळीत. लग्नाची माणसं येतात, तर भावोजी फाटकातूनच सांगतात की घोडीचा पाय मुरगळलाय. दोन्ही घोड्यांचे पाय एकदम मुरगळले, यावर शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का? आंबे उतरवणारा किशोर म्हणाला, "काकी, तुमचा रोग जाऊ दे, मग येतो." जसा काय तो आंब्याला लागलाय. भावोजी दिवसभर तबेल्याच्या दाराशी बसतात. मी आत-बाहेर करते, पण घर माझं असून त्यात श्वास पुरत नाय.

मग नेहा डॉक्टर आल्या. तरुण आहेत, नीट बोलतात. गुलाब कुठे कुठे गेली, कुणाशेजारी बांधली, सुई कुणी टोचली, सगळं विचारलं. मी म्हटलं, नाय आठवत. मला तर तूच डोळ्यांपुढे दिसत होतास.

तुळशीची लग्नं लागली की तू गुलाबच्या लेकीला, पाकळीला घेऊन इकडे येतोस, लगीनसराईआधी सगळ्या घोड्यांना ताकदीचं इंजेक्शन द्यायला. यंदाही आलास. आधी गुलाबला टोचलंस, आणि तीच सुई पाकळीला. भावोजी म्हणाले, सुई बदल रे. तू हसलास. "मायलेकी आहेत, एकच रक्त. त्यांना कसली येगळी सुई?" आमीही हसलो. मला तर ते पटलंच. आपल्या घरात असंच बोलतात ना, आपलं आणि परकं. सगुणा बाजारातून आणलेली, परकी, म्हणून तिला तू नवी सुई काढलीस.

सगुणाचं रक्त स्वच्छ निघालं, शेखर.

परवा अक्षदाचा फोन आला. तू टेम्पो ठरवलायस म्हणे, पाकळीला माळशेज चढवून जुन्नरकडे मित्राकडे ठेवणार. म्हणजे गुलाबच्या रोगाचं तुला कुठूनतरी कळलंय. तुझा असा राग आला की समोर असतास तर कान पिळला असता. तिकडे धनगरांची घोडी आहेत, कळपच्या कळप. त्यांचा संसार त्या घोड्यांच्या पाठीवर चालतो. त्यांच्यात एकाला लागलं की कुणाकुणाचं रक्त बघत फिरायचं? राग उतरला तशी भीती वाटली. तुझ्या जागी मी असते तर मीही टेम्पोच ठरवला असता.

काल नेहा डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. सुईचं सांगितलं, तुझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, पाकळीच्या कपाळावरचा पांढरा टिळाही सांगितला. पाकळीवर तुझं घर चालतं हे मला कळत नाय असं समजू नकोस. म्हशाजवळचं तुझं ते दोन खोल्यांचं घर तिच्याच पायांवर उभं राहिलंय.

गुलाबचं पुढे काय झालं ते मी अजून लिहिलं नाय. ती शुक्रवारी गेली. सरकारी नियमाने मागच्या माळावर नेऊन तिला कायमच्या झोपेचं इंजेक्शन दिलं. भावोजी तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते. डॉक्टरांनी नवी कोरी सुई पाकिटातून फोडली, ते बघून मी रडले. त्याआधी रडले नव्हते.

पाकळी स्वच्छ निघूही शकते. एका सुईने लागतंच असं नाय, असं डॉक्टर म्हणतात. मी देवाला तेवढंच मागतेय. पण रक्त बघितल्याशिवाय तिला कुठे हलवायचं नाय. आणि उद्या वाईट निघालं तर मला शिव्या दे, दारात उभी करू नकोस, मी समजेन.

हा कागद मी नेहा डॉक्टरांच्याच हातात दिलाय. तू हे वाचतोयस तेव्हा त्या तुझ्या अंगणात उभ्या असतील. त्यांना पाणी दे. पाकळी परक्या हाताला बुजते, म्हणून त्या रक्त घेतील तेव्हा दोर तू धर.

तुझं नाव सांगणारी, तरी तुझीच,
हौसाताई