बुरुजावरची नजर

३ मार्च, सोमवार
लागलो एकदाचा कामाला! डोंगरमाथ्यावरचा किल्ला, त्यातला सगळ्यात उंच बुरूज आणि त्यावर मी, पर्यटकांना शहर दाखवणारा नवा गाइड. एकशे ब्याऐंशी पायऱ्या चढताना जीव मेटाकुटीला आला, पण वर पोचलो आणि सगळा शीण गेला. मोठ्या दुर्बिणीतून स्टेशनवरच्या घड्याळातली वेळसुद्धा कळते. पंचवीस वर्षं इथे काढलेले गाइडकाका मला काम शिकवताहेत. बोलायला कंजूष, पण माणूस चांगला. एकच गोष्ट त्यांनी तीनदा बजावली. स्टेशन दाखव, दवाखाना दाखव, पूल दाखव. स्वतःचं घर मात्र कुणाला दाखवायचं नाही. विचारलंच तर डोंगराच्या पलीकडे राहतो म्हणायचं. मी मान डोलावली. म्हाताऱ्यांची खुळं, दुसरं काय!

५ मार्च, बुधवार
शाळेची सहल आली होती. पोरांनी नुसतं भंडावून सोडलं, तुमचं घर कुठे, तुमचं घर कुठे! मलाही राहवेना. पुलाजवळची पिवळी इमारत, तिसरा मजला, गॅलरीत लाल फ्रॉक वाळतोय तो आमच्या चिमणीचा, असं रीतसर सांगून टाकलं. पोरं खूश, मीही खूश. काकांचा चेहरा मात्र उतरला. एवढं काय आभाळ कोसळलं, कोण जाणे.

६ मार्च, गुरुवार
सकाळी चिमणीला ताप होता, म्हणून दुपारी घराकडे दुर्बीण वळवली. पुलावर एक माणूस उभा होता. रणरणत्या उन्हात पायघोळ करडा कोट, तोंड आमच्या इमारतीकडे. लोक त्याला घासून जात होते, पण कुणी वळूनही बघत नव्हतं. डबा खाऊन पुन्हा पाहिलं तर तो आमच्या फाटकात. बायकोला फोन केला. ती म्हणाली, फाटकात कुणी नाही, तुम्हाला ऊन लागलंय. घरी गेलो तेव्हा खरंच कुणी नव्हतं. मला हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

७ मार्च, शुक्रवार, दुपार
तो जिन्याच्या खिडकीत आहे. दुसरा मजला.
काकांना खोदून विचारलं. फार पूर्वी शत्रू चालून आला, सगळे किल्ला सोडून गेले, आणि बुरुजावरच्या पहारेकऱ्याला सांगायचं राहून गेलं. तो इथेच मेला. त्याला घरी जायचंय, पण आपलं घर कुठलं ते आठवत नाही. कुणी दाखवलं की तेच आपलं समजून निघतो. काकांनीही एकदा दाखवलं होतं. तेव्हापासून काका एकटे राहतात.
पहारेकरीच तो, म्हणाले. वरून नजर असेपर्यंत जागचा हलत नाही.
काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना इथून काही दिसत नाही. म्हणून ते दोघींना आणायला धावलेत. मी दुर्बीण सोडायची नाही.

चार वाजता
न बघता लिहितोय. नाही लिहिलं तर किंचाळेन. अजून जिन्यातच आहे.

साडेपाच
फोन लावायला खाली बघितलं. एकदाच. देवा, एकदाच —
तो घरात आहे. चिमणीच्या खाटेमागे. ती झोपलीय.
बायकोला ओरडून सांगितलं, घरावर कुणाचीतरी नजर आहे, पोरीला उचल, बाहेर पड. अर्धंच ऐकलं तिने. फोन हातातून पडला. वाकता येत नाही —

उजेड चाललाय. काका अजून पुलावरच असतील. डोळ्यांची आग होतेय. हलला नाही. हलू देणार नाही —

बायको उठली. चिमणीकडे नाही, खिडकीकडे. बाहेर बघतेय, कोण बघतंय म्हणून. नको गं —
मीच सांगितलं ना, नजर आहे म्हणून —
पडद्याला हात घातला. ओढू नकोस, अगं मी बघतोय, मीच —
अर्धी खाट दिसतेय. चिमणीचे पाय दिसताहेत. फक्त पा